वाचक विचारतात : सागरी रस्ता आणि कोकणचे ताट

मागील अंकात कोकण किनाऱ्यावरील प्रवासाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत दोनच गोष्टी विचारल्या आहेत : रस्ता कोणता धरावा आणि जेवावे काय. हॉटेलांची आणि खानावळींची नावे पुष्कळांनी मागितली आहेत. ती येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण कोकणात चांगले जेवण मिळणे हे पाटीवरच्या नावापेक्षा चालू महिन्यावर आणि आदल्या दिवशी केलेल्या फोनवर अधिक अवलंबून असते.

डिसेंबरमध्ये चार दिवसांची सुट्टी मिळाली आहे. सोबत आई-वडील असतील. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठचा संपूर्ण रस्ता गाडीने करावा असे मनात आहे. नियोजन कसे करावे? (एक वाचक, पुणे)

संपूर्ण रस्ता करू नये, हे पहिले उत्तर. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सुमारे पाचशे किलोमीटरचा आहे आणि नकाशावर तो चार दिवसांत सहज बसतो. प्रत्यक्षात मात्र या रस्त्याची मोजणी किलोमीटरमध्ये न करता खाड्यांमध्ये करावी लागते. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी अशी एकेक खाडी आडवी येते, आणि तेथे एकतर फेरीबोटीची वाट पाहावी लागते किंवा आत वळून लांबचा पूल गाठावा लागतो. पुढेमागे या खाड्यांवर पूल होतील तेव्हा हा हिशेब बदलेल. उरलेला रस्ता अरुंद, वळणांचा आणि गावांच्या मधून जाणारा आहे. तासाला तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर धरून आखलेला बेत दुसऱ्याच दिवशी कोलमडतो, आणि मग मागे बसलेल्या ज्येष्ठांना समुद्राऐवजी घड्याळ पाहावे लागते.

चार दिवसांसाठी गुहागर ते श्रीवर्धन एवढाच टप्पा घ्यावा, आणि तो दक्षिणेकडून उत्तरेकडे करावा. बहुतेक मंडळी उलट जातात. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. उत्तरेकडे तोंड करून निघाले की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच बाजूला राहतो. डावीकडे बसलेल्यांना मध्ये काहीही न येता पाणी दिसते आणि एखाद्या वळणावर थांबायचे झाल्यास समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने प्रवासाचा निम्मा शीण कमी होतो.

पहिल्या दिवशी पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर या वाटेने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तेथून गुहागर गाठावे. हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने पहाटे निघावे. घाट उतरताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा जळका वास पायथ्याशी नेहमीच येतो. गुहागरला माडा-पोफळींच्या बागांमधून जाणाऱ्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, समुद्रावर जाता येते. ज्येष्ठांना फार चालावे लागत नाही आणि किनारा लांबच लांब व मोकळा आहे.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने दाभोळला उतरावे. सपाट तळाच्या या बोटीची पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकवतात आणि गाड्या एकामागून एक आत घेतात. गाडी चढवताना चालकाखेरीज सर्वांनी उतरावे, आत लागल्यावर हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा आणि मग काठाशी उभे राहून वाशिष्ठीचे मुख पाहावे. दाभोळहून कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरूड असे करत हर्णैला पोहोचता येते. येथे एक सूचना : दापोली तालुक्यातले हे मुरूड, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव, आणि रायगड जिल्ह्यातले जंजिऱ्याचे मुरूड ही दोन वेगळी गावे आहेत. मोबाइलवर नुसते मुरूड लिहून रस्ता शोधणारे कधीकधी भलत्याच जिल्ह्याकडे निघतात.

हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा आहे. होड्या खोल पाण्यात नांगरलेल्या असतात, माल छोट्या होड्यांतून किंवा बैलगाडीतून काठावर येतो आणि ओल्या वाळूवरच वाटे मांडले जातात : एकीकडे कोळंबी, एकीकडे बांगडा, मध्येच एखादी आडवी पसरलेली सुरमई. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला आकडे कळत नाहीत. हा व्यवहार व्यापाऱ्यांचा आणि टोपल्यांच्या हिशेबाचा असतो. घरापुरती मासळी हवी असेल तर शेजारी बसलेल्या कोळिणींकडून घ्यावी. मुक्कामाच्या घरी आधी विचारून ठेवले असेल तर ती साफ करून, आमटी व तळलेले तुकडे करून देतात. त्यासाठी वेगळी मजुरी घेतात आणि ती योग्यच आहे. आई-वडिलांना वाळूत चालणे जमणार नसेल तर वरच्या रस्त्यावरूनही हे सारे दिसते आणि मागे सुवर्णदुर्ग उभा असतोच.

तिसऱ्या दिवशी आंजर्ले, आडे, केळशी या वाटेने वेसवीपर्यंत यावे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी गाडी पुष्कळ जवळ जाते. केळशीच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधली गल्ली एका गाडीपुरतीच आहे. समोरून एसटी आली तर मागे घेण्याची तयारी आपलीच हवी. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट, तेथून हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धनला मुक्काम. चौथ्या दिवशी श्रीवर्धनहून शेखाडीच्या काठाकाठाने दिवेआगरकडे यावे. या संपूर्ण प्रवासातला सर्वात देखणा रस्ता हाच आहे, असे माझे मत आहे; तो सकाळी करावा, कारण तेव्हा ऊन पाठीमागच्या डोंगरावरून येते आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येत नाही. पुढे म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटाने पुणे. वेळासचे कासव हे निमित्त मात्र या वेळी जमणार नाही. पिल्ले समुद्रात जाण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असतो.

आम्ही पूर्ण शाकाहारी. कोकणात गेलो की डाळ-भात आणि बटाट्याची भाजी यापलीकडे काही मिळत नाही, असा अनुभव आहे. कोकणी जेवण म्हणजे मासेच का? (एक वाचक, नागपूर)

तक्रार खरी आहे, पण दोष कोकणच्या स्वयंपाकाचा नाही. रस्त्याकडेच्या हॉटेलात शाकाहारी माणसाला पंजाबी भाजीच हवी असते, असे मालकाने गृहीत धरलेले असते. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून ‘घरी जे करता तेच करा’ एवढे सांगितले की ताट पालटते.

उत्तर आणि दक्षिण कोकणाचे शाकाहारी ताट एक नाही. रायगड जिल्ह्यात वालाला मान आहे. मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेले वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी हे तिकडचे खास जेवण. अलिबागचा गोडसर पांढरा कांदा कच्चा खाण्यासाठीच असतो. थंडीत शेतावर पोपटी लावतात : भांबुर्ड्याच्या पाल्याचा थर देऊन मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भरायचे आणि मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. त्यात अनेकदा अंडी आणि कोंबडीही असते, म्हणून आपण वेगळे मडके लावायला सांगावे. रत्नागिरीकडे कुळथाची पिठी आणि गरम भात, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी, केळफुलाची भाजी, नीरफणसाचे काप, आमसुलाचे सार, केळीच्या पानात भाजलेली पानगी आणि अर्थातच उकडीचे मोदक. मोदकांची संख्या आदल्या दिवशी सांगावी लागते. आयत्या वेळी कोणी उकड काढत नाही. सिंधुदुर्गात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, घावने, शिरवाळे आणि नारळाचा गुळवणी रस. तांदळाच्या पिठाचे उकडलेले उंडे साच्यातून दाबून शेवया पाडतात आणि वेलची घातलेल्या गोड नारळाच्या दुधात बुडवून खातात. चांगले शिरवाळे तोंडात तुटतात, चिवट लागत नाहीत.

आणि ओल्या काजूची उसळ. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपण कोकणात असाल तर इतर सर्व बाजूला ठेवून ही मागवावी. बी हिरवी असतानाच काढतात, कोयत्याने मधोमध चिरतात आणि आतला गर टोकदार काडीने किंवा सुरीने उकलून घेतात. सालीतल्या चिकाने कातडी भाजते, म्हणून सोलणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. त्यांच्या बोटांवरचे काळे डाग हंगामभर जात नाहीत. मग गर कोमट पाण्यात टाकून वरचा पातळ पापुद्रा सोलायचा. बाजारात हे गर शेकड्यावर मोजून विकतात आणि महाग असतात; वरील खटाटोप एकदा पाहिला की किमतीबद्दल कोणी घासाघीस करत नाही. उसळीत ओले खोबरे आणि माफक मसाला असावा. लाल तर्रीत पोहणारे ओले काजू म्हणजे चांगल्या जिनसाची नासाडी आहे.

एक व्यावहारिक गोष्ट : मासे तळण्याचा तवा आणि तेल वेगळे आहे का, हे संकोच न करता विचारावे. अनेक गावांत केवळ शाकाहारी खानावळी आहेत. दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे या बाजूस त्या सहज मिळतात.

एका प्रसिद्ध किनाऱ्यावर भरपूर पैसे देऊन सुरमईची थाळी घेतली. तुकडा कोरडा आणि बर्फातला वाटला. ताजी मासळी मिळण्याची खात्री कशी करावी? (एक वाचक, ठाणे)

मागायचीच असेल तर ‘आज काय आले आहे’ एवढेच विचारावे आणि ते उत्तर मानावे. पर्यटकांच्या तोंडी सुरमई, पापलेट आणि कोळंबी ही तीनच नावे असल्यामुळे हॉटेलवाल्याला ती वर्षभर ठेवावी लागतात, आणि वर्षभर ठेवायची म्हणजे बर्फ आलाच. त्याच दिवशी त्याच बंदरात बांगडा, सौंदाळे, मांदेली, बोंबील किंवा मोदके उतरलेले असतात आणि ते निम्म्याहून कमी भावात मिळतात. पहाटे आलेल्या बांगड्याचे तिरफळ घालून केलेले तिखले आठवड्यापूर्वीच्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस.

बाजारात स्वतः घेत असाल तर कल्ला उचलून पाहावा. तो लालभडक हवा. डोळे फुगीर व स्वच्छ हवेत, आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. खेकडे अमावास्येच्या सुमारास भरलेले असतात आणि पौर्णिमेला पोकळ निघतात, असे मच्छीमार सांगतात. जाणकार गिऱ्हाईक तिथी बघूनच कुर्ल्या घेते. पंजाएवढेही न वाढलेले पापलेट मात्र कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नये. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून ज्याचा मान झाला, त्याची पिल्लेच आपण ताटात मागू लागलो तर पुढे मोठे पापलेट कोठून येणार? तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, तसे नाही. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात वाकून बायका त्या वेचत असतात, तेथेच ताज्या मिळतात; वाळू सुटण्यासाठी त्या तासभर मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात आणि शिजवल्यावर ज्यांचे तोंड उघडणार नाही त्या टाकून द्याव्यात.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट भरतीमुळे बंद होती आणि थांबायला वेळ नव्हता. भरती-ओहोटीची वेळ आधी कशी समजणार? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी कॅलेंडरवरची तिथी पुरते. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा. दशमीला साडेसात. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हिशेब तोच. पाऊण तास इकडे-तिकडे धरावा लागतो, परंतु दिवस आखण्यासाठी एवढे पुष्कळ आहे. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व चढउतार कमी असतो. हरिहरेश्वरची कातळावरची वाट ओहोटीतच करावी आणि पाणी चढू लागल्यावर ‘पाच मिनिटांत होईल’ म्हणून उतरू नये. तेथे माणसे वाहून गेलेली आहेत.

हाच हिशेब गाडीलाही लागू आहे. पुळणीवर गाडी घालून छायाचित्रे काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा शेवट अनेकदा ट्रॅक्टरच्या दोरखंडाने होतो. वाळू वरून कडक दिसते आणि चाक रुतल्यावर भरती थांबत नाही.

कोल्हापूरहून तीन दिवसांत सिंधुदुर्ग पाहायचा आहे. मालवणला राहून रोज परत यावे की मुक्काम बदलावेत? (एक वाचक, कोल्हापूर)

मुक्काम बदलावेत. आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने खाली उतरून दक्षिणेच्या टोकाला, रेडीला जावे आणि तेथून समुद्र डावीकडे ठेवून वर यावे. सावंतवाडीत चितार आळीतली लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळे पाहायला अर्धा तास ठेवावा. रेडीचा गणपती लोहखनिजाच्या खाणीत सापडलेला. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरांच्या बाजूने जाताना हे मुलांना सांगावे. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याची मोठाली पायताणे वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि पायताणे झिजवतो, अशी श्रद्धा आहे, आणि पायताणांचे ते जोड मुलांना हमखास लक्षात राहतात.

पहिली रात्र वेंगुर्ल्याला काढावी. काजू घ्यायचा तो येथेच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा नावांनी कोकणभर लागल्या आहेत. पांढराशुभ्र अखंड काजू दिसायला चांगला. पण सालीसकट भाजलेला, थोडा करपट काजू चवीला अधिक लागतो आणि प्रवासात टिकतोही. दुसऱ्या दिवशी म्हापण, परुळे करत मालवण. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल तर सकाळची होडी धरावी. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचे काम सुरू केले, तो हा किल्ला उन्हात घाईघाईने उरकण्याचा नाही. दुपारी मालवणी जेवण, म्हणजे भाजक्या खोबऱ्या-कांद्याचे वाटप लावलेले सुके, तळलेला मासा, वडे आणि सोलकढी. वडे-सागोती हवी असेल तर ती रात्रीसाठी सांगून ठेवावी. वड्याचे पीठ आंबायला वेळ लागतो. बाजारात खाजे घ्यावे : बेसनाच्या शेवकांड्या आल्याच्या वासाच्या गुळात घोळवलेल्या असतात. जत्रेत ते ताजे मिळते.

तिसऱ्या दिवशी आचरा, कुणकेश्वर, मिठमुंबरीचा पूल आणि देवगड. तेथून करूळ किंवा फोंडा घाटाने घरी. आंगणेवाडीच्या जत्रेचे आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वरचे दिवस आधी तपासून घ्यावेत. त्या वेळी खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते तुंबतात. जत्रेलाच जायचे असेल तर मात्र गाडी लांब लावून चालत जावे आणि रात्री दशावताराला बसावे.

पावसाळ्यात कोकणात जाण्यात अर्थ आहे का? मासे तर मिळत नाहीत. (एक वाचक, मुंबई)

हिरव्या रंगासाठी आणि सड्यांसाठी, म्हणजे कातळाच्या पठारांसाठी, जावे. ताज्या समुद्री मासळीसाठी जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आहे. या दिवसांत कोणी ताजी सुरमई देऊ केली तर ती कोठली, याचा विचार आपणच करावा. घरोघरी या काळात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले निघते : भाजलेल्या सुक्या बांगड्याचे किसमूर, सोडे घातलेली वांग्याची भाजी, जवळ्याची चटणी. पहिल्या पावसात ओढ्यांतून उलट चढणारे चढणीचे मासे गावकरी पकडतात. ती मौज खरी, पण अंडी भरलेले मासे त्यात जातात, हेही खरे. भाज्या मात्र अशा पुन्हा मिळत नाहीत. टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा, अळूचे फदफदे आणि भाजीसोबत उकड्या तांदळाची पेज.

घाटांबाबत निघण्याच्या दिवशी चौकशी करावी. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीसाठी वारंवार बंद ठेवतात आणि इतर घाटांतही दरडी येतात. रात्री घाट उतरू नये. किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि वारा वाढला की खाडीतल्या फेऱ्याही थांबतात. फेरीबोट नसेल तर आतला रस्ता कोणता, हे आधी पाहून ठेवावे. ऑगस्टच्या शेवटी रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात, तेव्हाचा रस्ता हिवाळ्यातल्या रस्त्यापेक्षा मला अधिक आवडतो. याच सड्यांवर उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती नीट पाहण्यासाठी मात्र कोरड्या दिवसांत पुन्हा यावे. फुलांवरून गाडी नेऊ नये. सडा मोकळा दिसला तरी तो कोणाच्या तरी मालकीचा असतो.

महामार्गावर पेट्या लावून बसलेल्यांकडून हापूस घेतला. निम्मा निराळाच निघाला. (एक वाचक, सोलापूर)

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते लागू आहे. रस्त्यावरच्या पेटीवर ‘देवगड’ छापलेले असते म्हणून आतले फळ देवगडचे होत नाही. पेटीत वरचा थर एक आणि खालचा दुसरा, हा प्रकार जुनाच आहे. शक्यतो बागेतून किंवा बागायतदाराच्या घरून घ्यावा आणि पेटी खालपर्यंत उघडून पाहावी. सर्व फळे एकसारखी पिवळीधमक असतील तर संशय घ्यावा. आढीत, म्हणजे भाताच्या पेंढ्यात पिकलेल्या फळांचा रंग कमीअधिक असतो आणि देठापाशी वास येतो. कार्बाइडने पिकवलेला आंबा रंगतो, पण वास देत नाही, आणि त्या पद्धतीला कायद्याने बंदी आहे. फळ चौदा आणे तयार झाल्यावर उतरवलेले असावे, असे बागायतदार म्हणतात. फार कोवळे काढले तर ते सुरकुतते आणि झाडावर जास्त राहिले तर साका धरण्याचे, म्हणजे आतला गर खराब होण्याचे, प्रमाण वाढते. साका बाहेरून कळत नाही, त्यामुळे डझनात एखादे फळ तसे निघाले तर विक्रेत्याला चोर ठरवू नये.

सोलापूरपर्यंत नेताना कच्चे फळ घ्यावे आणि पेटी बंद डिकीत उन्हात ठेवू नये. घरी पेंढा किंवा वर्तमानपत्र घालून एक थर मांडावा. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवले तर पुढे ते नीट पिकत नाही. घाई नसेल तर एप्रिलच्या मध्यानंतर जावे, तेव्हा भाव उतरलेला असतो आणि फळही भरलेले.

मालवणहून कोकमाची बाटली आणली आणि घरी सोलकढी केली. ती गोड झाली. काय चुकले? (एक वाचक, लातूर)

आपण सरबताचा पाक आणला असावा. त्यात साखर असते. सोलकढीला आगळ लागते, म्हणजे रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) मीठ घालून काढलेला आंबट, गडद रस, आणि बाटली घेताना हेच नाव सांगावे. आगळ नसेल तर आमसुले अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करावीत. ओल्या नारळाच्या पहिल्या, दाट दुधात ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची घालून दूध गाळून घ्यावे, आगळ थोडी-थोडी घालत चव पाहावी आणि मीठ सर्वांत शेवटी, कारण आगळीत ते आधीच असते. रंग फिका गुलाबी यावा. कढी तापवू नये, फुटते. आणि केली त्याच जेवणात संपवावी.